खुंट्यांविना स्टील गिटार सुरात कशी लागते?

जुनी पेडल स्टील गिटार, म्हणजे आडवी ठेवून तारांवर पोलादी दांडी सरकवत वाजवायची आणि पेडलने तारांचे सूर बदलणारी गिटार, विकत घेण्यापूर्वी आपण दोन-तीन वाद्ये पाहिलीत, आणि त्यांतल्या एकाच्या डाव्या टोकाला खुंट्याच नव्हत्या, तर नुसत्या स्क्रूंची एक रांग होती. हे वाद्य सुरात कसे लागते, या रचनेचा खरा फायदा काय, आणि कार्यक्रमात तार तुटली तर काय करायचे, असे आपले प्रश्न आहेत. मी अनेक वर्षे अशी वाद्ये उघडून, साफ करून आणि पुन्हा जुळवून देत आलो आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, पण खरेदीचा निर्णय घेण्यास ते उपयोगी पडेल.

आधी नेहमीची रचना पाहू. पेडल स्टीलच्या उजव्या टोकाला चेंजर असतो. प्रत्येक तारेसाठी त्यात एक बोट असते, तार त्या बोटाच्या गोल माथ्यावरून वळून खाली अडकते, आणि पेडल दाबले किंवा गुडघ्याने लिव्हर ढकलली की ते बोट किंचित फिरून तार ओढते किंवा सैल सोडते. डाव्या टोकाला रोलर नट असतो, म्हणजे प्रत्येक तारेखाली फिरणारी एक बारीक खाचदार चाकी. तिथून पुढे तार कीहेडवर, म्हणजे खुंट्या बसवलेल्या भागावर जाते आणि खुंटीच्या दांड्याभोवती गुंडाळली जाते. खुंटीच्या आत वर्म गिअर असतो. आपण कळ फिरवतो तेव्हा दांडा फिरतो आणि तार त्यावर गुंडाळली जाऊन ताणली जाते. कीलेस, म्हणजे खुंट्या नसलेल्या रचनेत हे गुंडाळणेच काढून टाकलेले असते. तारेचे टोक एका ठोकळ्यात किंवा लहान बोटात पकडलेले असते आणि स्क्रू फिरवला की तो ठोकळा सरळ मागे सरकतो. तंबोऱ्याच्या घोडीखालचा मणका सरकवून आपण सूर बारकाईने मिळवतो, तेव्हा खुंटीला हात न लावता तार फक्त थोडी ताणत असतो. तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की इथे खुंटी नाहीच आणि सगळा ताण या एका ओढीतूनच यावा लागतो.

आता ही ओढ नेमकी किती असते, ते आकड्यांत पाहिले पाहिजे, कारण या यंत्रणेचे सगळे गुणदोष त्या आकड्यांतच आहेत. ई नाइन ही पेडल स्टीलची दहा तारांची प्रचलित जुळणी; तिच्यातली तिसरी तार जी शार्पला लागते, साधारण ४१५ हर्ट्झ. तारेची जाडी ०.०११ इंच आणि वाजणारी लांबी २४.२५ इंच, म्हणजे सुमारे ६१६ मिलिमीटर धरली, तर या स्वरासाठी तारेवर जवळजवळ १३ किलो वजनाइतका ताण लागतो आणि पूर्ण सैल अवस्थेपासून तिथे पोहोचेपर्यंत तार सुमारे साडेसहा मिलिमीटर लांबते. त्यापुढे अर्धा स्वर चढवायचा असेल, तर आणखी सुमारे ०.८ मिलिमीटर ओढ हवी. कीलेस ट्यूनरमध्ये, म्हणजे तार ताणणाऱ्या या स्क्रूच्या यंत्रणेत, पाच मिलिमीटर व्यासाचा सर्वसाधारण स्क्रू वापरलेला असेल, तर त्याच्या आट्यांमधले अंतर नेमके ०.८ मिलिमीटर असते. म्हणजे तिसऱ्या तारेवर स्क्रूचा एक पूर्ण फेरा हा जवळपास अर्ध्या स्वराइतका भरतो. हे प्रमाण सोयीचे आहे.

आता सहावी तार घ्या. तीही जी शार्पच, पण एक सप्तक खाली. अनेकजण तिथे ०.०२० इंचाची साधी, म्हणजे गुंडाळी नसलेली तार लावतात. साध्या पोलादी तारेत जाडीने फरक पडत नाही. लांबी तीच असेल, तर तारेवर प्रति क्षेत्रफळ येणारा ताण फक्त कंपनसंख्येच्या वर्गावर ठरतो. कंपनसंख्या निम्मी झाली की तो ताण एक चतुर्थांश होतो आणि त्याच प्रमाणात अर्ध्या स्वरासाठी लागणारी ओढही एक चतुर्थांश होते. त्यामुळे सहाव्या तारेला अर्धा स्वर चढवायला ०.२ मिलिमीटर, म्हणजे त्याच स्क्रूचा पाव फेरा पुरतो. स्क्रू एक अंश फिरला तरी सूर सुमारे एक सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाने हलतो. नव्या माणसाला कीलेस वाद्यावर सहावी तार ‘हाताला लागत नाही’ असे वाटते, त्याचे कारण हेच. ट्यूनर बिघडलेला नसतो. त्याच जागी ०.०२२ इंचाची गुंडाळीची तार लावली, तर सगळा ताण आतल्या बारीक गाभ्यावर येतो, तोच सूर मिळवायला तार जास्त लांबावी लागते आणि स्क्रूला काम करायला जागा मिळते. अर्थात मग त्या तारेच्या पेडललाही जास्त ओढ लागते, हा त्यातला व्यवहार.

या आकड्यांमुळे आणखी एक समज दूर होतो. स्क्रूचा ट्यूनर म्हणजे खुंटीपेक्षा कितीतरी सूक्ष्म, असे लोक गृहीत धरतात. खुंटीचा दांडा सहा मिलिमीटरचा आणि गिअरचे प्रमाण अठरास एक धरले, तर कळीच्या एका फेऱ्यात तार सुमारे एक मिलिमीटर ओढली जाते. म्हणजे साधा ०.८ मिलिमीटरचा स्क्रू चांगल्या खुंटीपेक्षा थोडासाच बारीक आहे. खरी सूक्ष्मता हवी असेल, तर दोनच मार्ग उरतात: आटे अधिक बारीक घेणे किंवा मध्ये तरफ घालणे.

इथून कीलेस ट्यूनरचे दोन घराणे वेगळे होतात. पहिल्यात तार धरणारा ठोकळा खाचेतून सरळ सरकतो आणि स्क्रू त्याला थेट ओढतो. रचना साधी, भाग थोडे, आणि स्क्रू लांब ठेवला तर सरकण्याची मर्यादाही भरपूर. दोष असा की ठोकळा खाचेच्या तळावर घासतो. घर्षण जास्त झाले तर स्क्रू थोडा फिरवूनही ठोकळा जागचा हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. सूर तीन सेंट खाली असतो तो एका क्षणात चार सेंट वर जातो. दुसऱ्या घराण्यात चेंजरसारखेच एक लहान बोट आडव्या दांड्यावर झुलते. त्याच्या गोल माथ्यावरून तार जाते आणि खालच्या लांब टोकाला स्क्रू ढकलतो. माथ्याची त्रिज्या १० मिलिमीटर आणि स्क्रूपर्यंतचे अंतर २५ मिलिमीटर असेल, तर ०.८ मिलिमीटरच्या एका फेऱ्यात तार फक्त ०.३२ मिलिमीटर हलते. सहाव्या तारेलाही मग अर्ध्या स्वरासाठी अर्ध्या फेऱ्याहून अधिक जागा मिळते, आणि घर्षण फक्त दांड्याच्या छिद्रात असल्यामुळे चाल गुळगुळीत राहते. पण हिशेब चुकता होतो तो मर्यादेत. तार १० मिलिमीटर ओढायची तर स्क्रूने २५ मिलिमीटर जावे लागेल, आणि तेवढी जागा त्या छोट्या चौकटीत नसते. म्हणून तरफेच्या ट्यूनरमध्ये तार बसवतानाच हाताने चांगली ताणून पकडावी लागते. माझी पसंती विचाराल तर तरफेलाच. बसवताना दोन मिनिटे जास्त गेली तरी चालतील, पण वाजवताना उडी मारणारा ट्यूनर नको.

स्क्रूचा एक गुण मात्र वादातीत आहे. तो आपणहून उलटा फिरत नाही. पाच मिलिमीटरच्या स्क्रूच्या आट्यांचा चढ जेमतेम सव्वातीन अंशांचा असतो आणि पोलाद-पितळेतले घर्षण त्याहून कितीतरी मोठा चढ थोपवू शकते, त्यामुळे १३ किलोच्या ताणालाही तो सैल सुटत नाही. याची दुसरी बाजू अशी की आपण स्क्रूवर लावलेल्या जोरापैकी सात-आठ भागांतला एखादा भागच तार ताणण्यात जातो आणि बाकीचा घर्षणात संपतो. म्हणून स्क्रूच्या आट्यांवर आणि डोक्याखालच्या चकतीवर अगदी थोडे ग्रीस असले पाहिजे. पोलादी स्क्रू आणि पितळी नट ही जोडी वर्षानुवर्षे टिकते. स्टेनलेस स्क्रू स्टेनलेस नटातच बसवलेला असेल आणि कोरडा राहिला असेल, तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरून बसतात, आणि मग तो स्क्रू काढताना आट्यांचा चुरा होतो. जुने वाद्य पाहताना मी प्रत्येक स्क्रू एक फेरा खाली आणि एक फेरा वर फिरवून पाहतो; करकर ऐकू आली किंवा मध्येच हात जड झाला, तर तो भाग उघडावाच लागणार असे समजतो.

पाना की बोटांनी फिरवायची कळ, हा वाद नेहमी निघतो. कळ सोयीची असते, पाना हरवतो, हे खरेच. पण १० सेंटिमीटर लांबीच्या षटकोनी पान्याचे टोक एक अंश फिरताना पावणेदोन मिलिमीटर सरकते, आणि हे अंतर हाताला स्पष्ट कळते. १२ मिलिमीटर व्यासाच्या कळीचा काठ त्याच एक अंशात ०.१ मिलिमीटर हलतो, तो कोणालाच जाणवत नाही. मी पान्याच्या बाजूने आहे, आणि एक जादा पाना वाद्याच्या पायाला रबराने बांधून ठेवतो.

आता मुख्य प्रश्न: हे सगळे कशासाठी? बहुतेक माणसे सांगतात की वाद्य आखूड होते, पेटी लहान लागते, दोन गळ्यांच्या वाद्याचे वजन उतरते. हे फायदे खरे आहेत, विशेषतः रोज वाद्य उचलून नेणाऱ्याला. साध्या गिटारच्या जगातही वाद्यरचनाकार नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या सुमारास डोके नसलेला बास आणला, तेव्हा तोल आणि आकार हेच मुद्दे पुढे होते. पण स्टील गिटारमध्ये, तीही पेडलच्या, याहून महत्त्वाची गोष्ट रोलर नटच्या मागे घडते.

नेहमीच्या कीहेडवर पाच-पाच खुंट्या दोन बाजूंना असतात. कडेच्या तारा सर्वात जवळच्या खुंट्यांना जातात आणि मधल्या तारा सर्वात लांबच्या. म्हणजे पाचव्या आणि सहाव्या तारेची रोलर नटमागची लांबी सर्वाधिक असते, ती १५ सेंटिमीटरही भरू शकते. ई नाइनमध्ये पहिले पेडल पाचवी आणि दहावी तार पूर्ण स्वराने चढवते, दुसरे पेडल तिसरी आणि सहावी तार अर्ध्या स्वराने. थोडक्यात, ज्या तारा सर्वाधिक ओढल्या जातात त्यांच्याच मागे सर्वात लांब मुकी, म्हणजे न वाजणारी तार असते. चेंजर ओढतो तेव्हा ती मुकी तारही ताणावी लागते. पाचवी तार बी वरून सी शार्पवर न्यायला वाजणाऱ्या लांबीपुरती ओढ ०.५८ मिलिमीटर पुरते. मागे १५ सेंटिमीटर तार असेल, तर ती ०.७२ होते. पायाला हा फरक जाणवतो.

त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे सूर परत न येणे. पेडल दाबल्यावर वाजणाऱ्या भागाचा ताण वाढतो आणि मागची थोडी तार रोलरवरून पुढे येते. पेडल सोडल्यावर ती तेवढीच मागे जायला हवी, पण रोलर कितीही चांगला असला तरी थोडे घर्षण असतेच. मागच्या तारेत जरासा जादा ताण अडकून राहतो, पुढच्या तारेत थोडा कमी पडतो, आणि चढवून सोडलेली तार एक-दोन सेंट उतरलेली परत येते. उतरवून सोडलेली तार याच कारणाने किंचित चढी परत येते. ही चूक किती मोठी असेल, ते मागच्या मुक्या तारेच्या लांबीवर अवलंबून असते, कारण जितकी तार मागे, तितकी इकडची तिकडे सरकायला वाव. कीलेस रचनेत रोलर नटपासून ट्यूनरपर्यंतचे अंतर दोन-तीन सेंटिमीटर असते आणि दहाही तारांना ते जवळजवळ सारखेच असते. घर्षण तेवढेच राहिले, तरी चूक पाच-सहा पटींनी लहान होते. माझ्या मते कीलेस यंत्रणेचे खरे समर्थन एवढेच आहे आणि ते पुरेसे आहे. क्लाइन, सिएरा, एक्सेल, जीएफआय अशा निर्मात्यांनी खुंट्यांविना वाद्ये केली, तेव्हा त्यांची बाह्य रूपे वेगळी होती, पण मागची तार आखूड करण्याचा हा लाभ त्या सगळ्यांत समान आहे.

जे या यंत्रणेने सुटत नाही, तेही सांगायला हवे. पेडल दाबताना वाद्याचा लाकडी सांगाडा किंचित वाकतो आणि न ओढलेल्या ताराही काही सेंट उतरतात. हा दोष सांगाड्याचा आहे, खुंट्या काढल्याने तो जात नाही. चेंजरच्या बोटात साचलेली धूळ आणि घट्ट झालेले तेल हेही तसेच राहते. तिसरी तार वारंवार तुटते ती चेंजरच्या माथ्यावर, जिथे ती वाकते आणि प्रत्येक पेडलबरोबर पुढेमागे होते. जी शार्पला ती आधीच तुटण्याच्या मर्यादेच्या बरीच जवळ ताणलेली असते, आणि ए वर गेली की ताण आणखी १२ टक्क्यांनी वाढतो. मागची तार आखूड झाल्याने माथ्यावरची हालचाल थोडी घटते, त्यामुळे आयुष्य थोडे वाढेल. पण केवळ त्यासाठी कीलेस घेऊ नका.

कीलेसची स्वतःची दुखरी जागा म्हणजे तारेची पकड. खुंटीवर तीन-चार वेढे असतात, ते एकमेकांवर घट्ट बसून बहुतेक भार घेतात, आणि टोकाशी फारसे काही उरत नाही. ट्यूनरच्या पकडीत मात्र सगळा १३ किलोचा भार एका लहान स्क्रूच्या दाबावर असतो. एकदा माझ्याकडे एक वाद्य आले, ज्याची सहावी तार प्रत्येक गाण्यात एखाद-दोन सेंट खाली जायची. मी अर्धा दिवस चेंजर उघडून, साफ करून, स्प्रिंग बदलून पाहिले. शेवटी ट्यूनरजवळ तारेवर शाईने एक बारीक खूण केली आणि तासाभराने पाहिले, तर खूण पकडीच्या काठापासून केसभर पुढे आली होती. पकडणाऱ्या स्क्रूचे टोक झिजून आरशासारखे गुळगुळीत झाले होते. टोक कानशीने सपाट आणि खरबरीत केले, आणि तक्रार संपली. चूक माझीच होती. शाईची खूण आधी करायला हवी होती, आणि आता मी ती पहिल्याच पाच मिनिटांत करतो.

जुळवण्याचा क्रमही लक्षात ठेवा, कारण दोन्ही टोकांना षटकोनी पानाच चालतो आणि नवे लोक गोंधळतात. मोकळ्या तारेचा सूर नेहमी डाव्या ट्यूनरवर. पेडल दाबून मिळणारा सूर उजव्या कडेच्या पट्टीतून डोकावणाऱ्या नायलॉन नटांवर, आणि तोही पेडल पूर्ण दाबून धरूनच. मोकळी तार आधी लावली पाहिजे. ती नंतर हलवली, तर तिच्यावरचे पेडलचे सगळे सूर पुन्हा पाहावे लागतात. सूर नेहमी खालून वर आणावा. तो वर गेला असेल तर आधी स्पष्ट खाली उतरवून मग चढवावा, आणि त्यानंतर संबंधित पेडल दोन-तीनदा दाबून पुन्हा तपासावे.

राहिला तुटलेल्या तारेचा प्रश्न. ज्या ट्यूनरांशी माझा जास्त संबंध आला, त्यांत तारेचे गोळा असलेले टोक चेंजरला लागते आणि मोकळे टोक डावीकडे पकडले जाते. प्रथम ट्यूनरचा स्क्रू जवळजवळ पूर्ण सैल करून ठोकळा किंवा बोट रोलर नटकडे आणा. हे विसरलात तर सूर मिळण्यापूर्वीच मर्यादा संपेल. मग गोळा चेंजरमध्ये अडकवा, तार रोलरच्या खाचेत बसवा, मोकळे टोक पकडीतून बाहेर काढून पक्कडीने घट्ट ओढून धरा आणि तसेच ओढलेले असताना पकडीचा स्क्रू आवळा. हाताने चांगली ओढलेली तार छेडल्यावर हव्या स्वराच्या चार-पाच स्वर खाली वाजली, तर उरलेले काम ट्यूनर सहज करतो. तार नुसती सरळ करून सैल पकडली, तर तिसऱ्या तारेला साडेसहा मिलिमीटर लागणार, शिवाय गोळ्याजवळचा पीळ बसताना आणखी थोडे जाणार, आणि तरफेच्या ट्यूनरमध्ये तेवढे मिळेलच असे नाही. गुंडाळीची तार असेल तर पकडीच्या बाहेर ती आधी काटकोनात वाकवा आणि वाकवलेल्या जागेच्या पलीकडे कापा. सरळ कापलेल्या तारेची गुंडाळी गाभ्यावरून सैल सुटते, आणि मग ती तार सुरात लागली तरी मुकी वाजते.

सरावाने हे सगळे दोन ते तीन मिनिटांत होते. खुंटीवर वेढे घेण्यापेक्षा वेळ कमीच लागतो. आपण जे वाद्य पाहिलेत, त्यावर हा प्रयोग विकत घेण्यापूर्वीच करून पाहा. मालकाच्या परवानगीने तिसरी तार काढा, नवी बसवा, दुसरे पेडल वीस वेळा दाबा आणि ट्यूनिंग मीटरवर मोकळी तार परत कुठे येते ते पाहा. नवी तार सुरुवातीला थोडी बसते, म्हणून एकदा पुन्हा सुरात लावून आणखी वीस वेळा दाबा. दुसऱ्या वेळी ती एका सेंटच्या आत परत आली आणि पकडीजवळची शाईची खूण जागची हलली नाही, तर ट्यूनरबद्दल शंका उरत नाही. मग लक्ष चेंजरकडे आणि पेडलच्या सळ्यांकडे वळवा.